फोटोची मागची बाजू

सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. काल डॉक्टरकाकांकडे जाऊन आलो. १९६८ साली ठाकूरद्वारला दवाखाना काढला तेव्हापासून त्यांनी आपल्या रस्त्याचे, गल्ल्यांचे काढलेले सगळे फोटो ते सोसायटीला देणार आहेत. आठ खोकी आहेत. कमिटीचा विचार असा की चांगले वीस निवडून मोठे करायचे आणि लॉबीत लावायचे. खर्च वर्गणीतून. मतं कळवा.

बी-३०४
फार छान कल्पना. शोभायात्रेचे रंगीत घ्या, लॉबी खुलेल.

बी-१००२
लॅमिनेट करून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं टिकतील.

ए-९०३
लॅमिनेशन कृपा करून नको. मूळ प्रिंटला तर अजिबात नको, चिकटलं की कायमचं चिकटतं. लॉबीत स्कॅनवरून काढलेल्या प्रती लावू. त्याला माझी ना नाही. पण वीस निवडण्याआधी एक ऐका.

मी परवा काकांच्या सूनबाईंबरोबर पहिलं खोकं उघडलं आणि फोटोंपेक्षा त्यांच्या पाठीच वाचत बसले. प्रत्येकावर शाईने तारीख, वेळ आणि काका कुठे उभे होते ते लिहिलंय. 'दवाखान्याची दुसरी पायरी, तोंड चर्नी रोडकडे, सकाळी ७.१०.' त्याच पायरीवरून दर गुढीपाडव्याला एक फोटो. व्हिजिटला निघाले की बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी अगफा क्लिक थ्री कॅमेरा असायचा. एका रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे बघून, ठरवून काढलेले.

१९७४चा पाडवा घ्या. आरेचं दूध केंद्र उघडं आहे, काचेच्या बाटल्यांचे क्रेट फुटपाथवर रचलेत. वर पहिल्या मजल्याच्या लाकडी गॅलरीत नऊवारी वाळतंय आणि दोरीला बांधलेली पिशवी भाजीवाल्यासाठी खाली सोडलीय. २०१९चा पाडवा: दूध केंद्र नाही, गॅलरी नाही, रस्ताभर मेट्रोचे पत्रे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर एक जागा आहे असं कुणी म्हणणार नाही. ओळख एकच, समोरचा वाकलेला लोखंडी खांब. आणि १९७४च्या पाठीवरचे शब्द, 'दुसरी पायरी'. ९ ऑक्टोबर २०२५ला गिरगाव स्टेशन प्रवाशांसाठी उघडलं, त्या दिवशीचाही फोटो आहे. काठी टेकत जाऊन काढलेला.

आता मुद्दा. तिसऱ्या खोक्यापासून पाठी कोऱ्या आहेत. लिहायचं काम कंपाउंडर करायचे, ते १९९१ला गावी गेले आणि लिहिणं थांबलं. म्हणजे सहा खोक्यांची माहिती आज फक्त काकांच्या डोक्यात आहे. ते ८४ वर्षांचे आहेत. आपण भिंत सजवायच्या मागे लागलो आणि हे लिहून घेतलं नाही, तर आपल्याकडे रस्त्यांचे सुंदर फोटो उरतील आणि रस्ता कुठला ते सांगणारं कुणी उरणार नाही.

नानी (बी-२०१)
हिचं खरं आहे बाळांनो. चाळ पाडायच्या वेळी आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो तेव्हा सासूबाईंची ट्रंक मी जिवापाड जपली. आत चाळीसेक फोटो. एकाच्याही मागे नाव नाही. ओळखणाऱ्या आत्याबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता आमच्याच गॅलरीत उभी असलेली माणसं मला परकी आहेत. टाकवत नाहीत आणि सांगताही येत नाहीत.

ए-५०४
मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून हे लिहावंसं वाटलं. मुंबईत डॉक्टर आणि कॅमेरा ही जोडी जुनी आहे. देशातली पहिली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ला इथेच निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते. ग्रँट मेडिकलमध्ये शिकलेले आणि उत्तम फोटो काढणारे. लाड घराणं मूळ गोव्यातल्या मांद्र्याचं.

आणि आपले रस्ते बदलले त्यातही डॉक्टर आहेत. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेही गोव्याचेच. त्या प्लेगमुळेच शहर सुधारायला १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून घरं पाडून सरळ रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड त्यातलेच. लोक आत्ता मेट्रोमुळे उठले, तसे तेव्हाही उठले. त्या पाडलेल्या गल्ल्यांत कोण राहायचं, हे दारोदार जाऊन कुणी टिपलं असतं तर आज किती कळलं असतं. काकांनी आपल्यासाठी ते केलंय.

सूनबाई (ए-६०१)
बाबांना सगळे मेसेज वाचून दाखवले. ते सांगतायत तसं टाइप करते.

'सुरुवात क्षयाच्या पेशंटांपासून झाली. औषध देऊनही खोकला परत यायचा. घरी गेलो की कळायचं, तळमजल्याची खोली, खिडकी एकच आणि तीही बोळात. मग खोलीचा फोटो काढून केसपेपरला जोडायला लागलो. पुढच्या वेळी घरच्यांना समोर ठेवून सांगता यायचं, खाट इथून हलवा, इथे उजेड आहे. खोलीवरून बोळात आलो, बोळातून रस्त्यावर. खोल्यांचे फोटो मी दिलेले नाहीत, देणारही नाही. ते पेशंटचे आहेत. सातव्या खोक्यात चुकून दोन-तीन गेले असतील तर परत करा.'

सेक्रेटरी
काकांना नमस्कार सांगा. सातवं खोकं आधी सूनबाईंनी एकटीने बघावं, मगच बाकीच्यांनी. लॉबीचा विषय मी दिवाळीनंतरच्या मीटिंगला घेतो.

बी-३०४
पटलं. मी स्कॅनर आणतो. निगेटिव्ह असतील तर तीच आधी स्कॅन करू, प्रिंटपेक्षा जास्त बारकावे मिळतात.

ए-९०३
उत्तम. कडा धरूनच हाताळायचं, बोटांचे डाग राहतात. काही निगेटिव्हना बुरशी लागलीय, ती पुसायला जाऊ नका, वेगळी ठेवा. पाठीवर बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल, हलक्या हाताने. काका सकाळी दहा ते अकरा ताजेतवाने असतात, तेवढाच वेळ घेऊ. रोज दोन माणसं, एकाने विचारायचं, एकाने लिहायचं. नाही आठवलं तर 'नाही आठवत' असंच लिहायचं. अंदाज लिहायचा असेल तर तो अंदाज आहे हेही लिहायचं.

सूनबाई (ए-६०१)
तिसऱ्या खोक्यातला पहिला फोटो पाठवते. पाठ कोरी आहे. बाबांनाही कोपरा लागत नाहीये. कुणाला ओळखू येतोय?

नानी (बी-२०१)
मोठा करून बघितला. आमच्या जुन्या चाळीच्या मागचा नळ आहे तो. दाराला झेंडूचं तोरण, म्हणजे दसरा. हंडा घेऊन उभी आहे ती आमची आत्याबाई.

ए-९०३
नानी, उद्या दहाला या. पेन्सिल मी आणते.