सल्ला हवा : वॉर्डातल्या जलकामे विभागासाठी प्रशिक्षण कुठे मिळेल? चावीवाले, जोडारी आणि मी

कांजूरकर

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका वॉर्डात जलकामे विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून अलीकडेच रुजू झाले आहे. शिक्षण स्थापत्यचं, आधीचा अनुभव इमारतींच्या कामांचा. पाणीपुरवठ्याचं प्रत्यक्ष काम पहिल्यांदाच करते आहे.

हाताखाली चावीवाले (पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे), जोडारी (पाइप जोडणारे), कामगार अशी बरीच मंडळी आहेत. दोन ज्येष्ठ चावीवाले लवकरच निवृत्त होतील. नवीन मुलं हुशार आहेत, पण बघून बघून शिकतात, कुणी बसवून शिकवलेलं नाही. साहेब म्हणाले, "प्रशिक्षणाचा प्रस्ताव तयार कर, मी वर पाठवतो." तर प्रस्तावात काय काय घालू? माझ्यासाठी पुणे-नाशिकही चालेल. चावीवाल्यांना मात्र आठवडाभर सोडणं शक्य नाही, पाणी सोडायच्या वेळा चुकवून चालत नाही. आणि त्यांच्यासाठी जे काही असेल ते मराठीतून हवं. सर्टिफिकेट मिळालं तर चांगलंच, पण काम सुधारलं पाहिजे.

निवृत्त_दुय्यम

ताई, प्रश्न वेळेवर विचारलात.

घरचं आधी बघा. महापालिकेची स्वतःची नागरी प्रशिक्षण संस्था व संशोधन केंद्र बोरिवलीला आहे. तिथल्या वर्गांचं वेळापत्रक आस्थापनेकडून मागवा. जलकामांसाठी वेगळा वर्ग हवा असेल तर खात्यामार्फत लेखी मागणी जाऊ द्या, कुणाला, कशासाठी, किती तासांचा, हे सगळं त्यात लिहून. नुसतं "प्रशिक्षण मिळावे" लिहिलेलं पत्र फायलीतच राहतं.

तुमच्यासाठी नाशिकची 'मित्रा'. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची प्रबोधिनी आहे, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हाच तिचा विषय. नाशिकलाच 'मेटा' नावाचीही प्रबोधिनी आहे, ती जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकामच्या अभियंत्यांची. पत्र लिहिताना दोघींची गल्लत करू नका. पुण्याला बाणेर रोडवरची यशदा कार्यालयीन कामकाज, निविदा, माहितीचा अधिकार अशा विषयांना चांगली. अंधेरी पश्चिमेला बर्फीवाला मार्गावर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, 1926 पासूनची. स्वच्छता निरीक्षक पदविकेसाठी सगळे तिला ओळखतात, पण पालिका कर्मचाऱ्यांसाठी तिचे इतरही अभ्यासक्रम असतात.

आता मुख्य गोष्ट. नाशिक कुठे पळून जात नाही. तुमचे दोन ज्येष्ठ चावीवाले मात्र निवृत्तीचा सत्कार झाला की गाव गाठतील. पहिलं प्रशिक्षण त्यांच्याकडून घ्या, आणि नव्या मुलांना द्यायला लावा.

त्यांच्याबरोबर पाळीला फिरा. वही न्या. प्रत्येक व्हॉल्व्हचं ठिकाण पक्क्या खुणेपासून मोजून लिहा, कारण रस्त्याचं डांबरीकरण झालं की झाकण गडप होतं. व्यास किती, चावीच्या किती आट्यांत (फेऱ्यांत) पूर्ण बंद होतो, उलट आट्याचा (उलट्या दिशेने बंद होणारा) आहे का, कुठल्या गल्ल्यांना पाणी जातं, सगळं लिहा. आणि आवर्जून विचारा की कुठला व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धा दाबून ठेवलाय आणि का. नकाशात तो उघडा दिसतो. प्रत्यक्षात तो पूर्ण उघडला तर खालच्या सोसायट्यांच्या टाक्या भरून वाहतात आणि टेकडीवरच्या चाळीत नळाला हवा येते. हे कुठल्याही रेखाचित्रात नसतं, त्या माणसाच्या डोक्यात असतं.

चावी फिरवायलाही शिकवावी लागते. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर आतलं वाहतं पाणी एकदम अडतं, दाबाचा धक्का बसतो आणि जुनी बिडाची लाइन कुठेतरी पुढे फुटते. झटक्यात उघडला तर तळाशी बसलेला गंज नि गाळ उठतो, आणि सकाळी "लाल पाणी आलं" म्हणून तक्रारी. शेवटचे आटे सर्वांत सावकाश. जुनी मंडळी हातालाच ओळखतात. त्यांना शेजारी उभं करून मुलांकडून फिरवून घ्या.

तसंच गळतीचं. रात्री रहदारी थांबली की लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला. सरळ वाहणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, फटीतून सुटणाऱ्याचा वेगळा. गळती शोधण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत, ती शिकाच, पण कान आधी तयार हवा. मुंबईत हे जास्तच महत्त्वाचं, कारण आपला पुरवठा ठरावीक तासांचा. लाइन रिकामी झाली की आतला दाब जातो, आणि त्याच फटीतून बाहेरचं गटाराचं पाणी आत शिरतं. गॅस्ट्रोची तक्रार आली की आधी तिथे बघायचं.

तुरटी_आणि_क्लोरीन

काकांशी सहमत. मी शुद्धीकरणाच्या बाजूची, रसायनशास्त्राची. एक भर घालते.

तुमच्या मंडळींना एकदा भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल दाखवा. रीतसर परवानगी काढा, एका दिवसात होतं. आपल्या तलावांपैकी शहरात विहार (1860 चा) आणि तुळशी, बाकी तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा हे सगळे बाहेर. तिथून पाणी कसं येतं, तुरटीने गाळ कसा खाली बसतो, वाळूच्या थरातून कसं गाळलं जातं, हे डोळ्यांनी बघितलेला जोडारी उघडा पाइप चिखलात टाकत नाही. माझा तरी तसा अनुभव आहे.

वॉर्डात प्रत्येकाला यायलाच हवी अशी चाचणी म्हणजे उरलेल्या क्लोरीनची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस 10500 (2012), नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. जुन्या क्लोरोस्कोपमध्ये ऑर्थोटोलिडिन टाकून पिवळा रंग बघतात. ते रसायन आरोग्याला घातक मानलं जातं, शक्य असेल तर डीपीडीचे किट मागवा, त्यात गुलाबी रंग येतो. नमुना घेण्याआधी नळ थोडा वेळ वाहू द्या, चाचणी जागेवरच करा, उन्हात ठेवलेली बाटली कचेरीत आणून नको. शून्य आलं तर ते लपवायचं नसतं, लगेच कळवायचं असतं. हे सगळं शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

उतरण्याआधी

माझं काम मलनिस्सारणात गेलं. प्रस्तावात पहिला मुद्दा सुरक्षेचा घाला, बाकीचं नंतर.

गटाराच्या मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय तशी धोकादायक सफाई करून घ्यायला मनाई आहे. पण लोक विसरतात ते पाण्याच्या व्हॉल्व्हच्या खोल चेंबरबद्दल. बरेच दिवस बंद असलेल्या चेंबरमध्येही प्राणवायू कमी असू शकतो, शेजारच्या गटारातून वायू झिरपलेला असू शकतो. झाकण उघडा, हवा खेळू द्या, वायूमापक दोरीने खाली सोडा. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, हे माहीत नसतं. "वास नाही म्हणजे धोका नाही" या समजुतीने माणसं गेली आहेत.

आणि मुलांकडून हे घोकून घ्या : सहकारी खाली कोसळला तर त्याच्या मागे उतरायचं नाही. वरून हार्नेसने ओढायचं, अग्निशमन दलाला बोलवायचं. एकाला वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसरा अशीच जातात. अग्निशमन दलाला विनंतीपत्र देऊन प्रात्यक्षिक ठेवा. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओची (पाणीपुरवठा नि मलनिस्सारणाची तांत्रिक संघटना) गटार सफाईची 2018 ची कार्यपद्धती आहे, तिचं मराठीत सोपं टिपण करून चौकीत लावा.

पवईकर

संगणकाच्या बाजूने थोडक्यात. इपानेट शिका, जलवाहिन्यांच्या जाळ्यातला दाब नि प्रवाह त्यात मांडता येतो, फुकट आहे. आयआयटी मुंबईचं जलतंत्र नावाचं मोफत साधनही आहे, पण ते मुख्यतः गावच्या, फांद्यांसारख्या पसरलेल्या योजनांसाठी. काकांनी सांगितलेली व्हॉल्व्हची वही क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत चढवा, तेही मोफत. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियलवर बऱ्याच विषयांचे धडे मराठीत आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावर पाणीपुरवठा आणि सांडपाणी दोन्हींचे अभ्यासक्रम असतात. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा दिली तरच शुल्क. आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर तुमच्या संस्थेचं नाव आहे का तेही बघा.

आणि सीपीएचईईओची पाणीपुरवठ्याची 2024 ची नवी नियमपुस्तिका उतरवून घ्या. तीन भाग आहेत. भाग ब चालवणे आणि देखभालीचा, तुम्हाला रोज लागेल.

कंत्राटी_जोडारी

मॅडम, एक विनंती. मी कंत्राटदाराकडे जोडारी आहे. लाइन फुटली की खड्ड्यात आम्हीच असतो, पण प्रशिक्षणाच्या यादीत आमचं नाव कधी नसतं. एका ठिकाणी तर वर्ग चालू असताना आम्हाला बाहेर सामान राखायला बसवलं होतं.

आम्हालाही शिकायचंय. डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपचा जोड घ्या. सॉकेटच्या (पाइपच्या रुंद तोंडाच्या) खाचेत वाळूचा एक कण राहिला, रबर रिंग थोडी पिळली गेली, की माती लोटल्यावर तो जोड गळणार. खाच पुसायची, रिंग नीट बसली का बोटाने चाचपायचं, वंगण लावायचं, टोकावरच्या खुणेपर्यंत पाइप सरळ सारायचा. हे मला एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलं, कुणी वर्गात नाही. काम येतं, कागद नाही. त्यासाठी काही आहे का?

निवृत्त_दुय्यम

आहे दादा. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे, आरपीएल म्हणतात. येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. जवळच्या आयटीआयमध्ये किंवा कौशल्य विकास केंद्रात प्लंबिंगची बॅच कधी आहे ते विचारा, आधार नि बँकेचं पासबुक बरोबर न्या.

आणि ताई, पुढच्या देखभालीच्या निविदेत अट घालायचा प्रयत्न करा की कंत्राटदाराच्या माणसांनाही सुरक्षेचं नि जोडकामाचं प्रशिक्षण बंधनकारक, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. मजुरी बुडत असेल तर कुणीही येणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

कांजूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रस्ताव असा लिहिते : चेंबर सुरक्षा सर्वांना, कंत्राटी धरून. मग क्लोरीन चाचणी, अर्धा दिवस, पाण्याची पाळी संपल्यावर दोन तुकड्यांत. भांडुप भेट. जोडकामाचं प्रात्यक्षिक चौकीच्या आवारात. मी स्वतः मित्राला अर्ज करते. व्हॉल्व्हची वही मात्र मंजुरीची वाट न बघता सुरू केली, आजच दोन्ही ज्येष्ठ चावीवाल्यांबरोबर एक गल्ली झाली. जोडकाम शिकवायला कोण मिळेल?

तुरटी_आणि_क्लोरीन

वाकोल्याला पाइपलाइन रोडवर इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशनचं कार्यालय आहे, 1968 पासूनची संस्था. पाणीपुरवठ्यातले बरेच कार्यरत आणि निवृत्त अभियंते सदस्य आहेत, व्याख्यानं नि परिषदा होतात. तिथे विचारा, आणि जमलं तर स्वतः सदस्य व्हा.

कंत्राटी_जोडारी

मॅडम, तुमची हरकत नसेल तर जोड मी दाखवतो. रविवारी दुपारी मोकळा असतो. एक डीआय पाइपचा तुकडा, दोन रिंगा नि वंगणाचा डबा तेवढा मागवून ठेवा.