लीगचा शेवटचा राउंड अंधारामुळे अर्धवट राहिला, निकाल कसा लावायचा?

मिशिगनमध्ये आमची मंगळवार संध्याकाळची 9 होलची गोल्फ लीग आहे. 16 जण, स्टेबलफोर्ड पद्धत (प्रत्येक होलला फटक्यांनुसार गुण, जास्त गुणवाला जिंकतो), नेट पारला, म्हणजे हँडिकॅपची (कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची) सूट धरून ठरलेल्या फटक्यांत होल संपवला तर, 2 गुण. परवा शेवटचा राउंड होता. सप्टेंबरअखेर इथे साडेसातच्या सुमारासच सूर्य मावळतो. मागच्या चौघांना आठव्या होलच्या टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला बॉल कुठे गेला तेच दिसेना, म्हणून ते थांबले. त्यांच्या कार्डावर सातच आकडे आहेत, आणि सीझनमध्ये पहिला असलेला नेमका त्यांच्यातच. त्याच्यामागे तीनच गुणांवर असलेल्याने नऊही होल पूर्ण केले.

सगळ्यांचे सातच होल धरले, तर शेवटच्या दोन होलवर छान खेळलेले नाराज. न खेळलेल्या होलना नेट पारचे गुण दिले, तर पहिला एका गुणाने जिंकतो. दुसऱ्याला ते पटत नाही. हँडिकॅपचे नियम पाहिले, पण ते स्कोअर नोंदवण्यापुरते. पुन्हा खेळवता येत नाही, एक जण भारतात गेलाय. आमच्या नियमांत याबद्दल ओळही नाही. बक्षिसं शनिवारी आहेत. दोघेही जुने मित्र, कुणावर अन्याय व्हायला नको.

तुमच्याकडे असं झालं तेव्हा राउंड रद्द केलात, की सात होल धरलेत? आणि नियम आधी लिहिलेला नसेल, तर निर्णय समितीने घ्यायचा की सगळ्यांच्या मताने?