दूध पाजताना अचानक उदास का वाटतं?

बाळ दीड महिन्याचं आहे. पाजायला घेतलं की दूध उतरायच्या जरा आधी पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, एकदम रडूच येतं आणि दोन मिनिटांत सगळं गायब, बाकी दिवसभर मी ठीक असते, वेडबिड लागलंय का मला?

» वेड नाही गं! याला डी-मेर म्हणतात, मलाही व्हायचं. प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) वाढायला डोपामिन (मेंदूतलं, मूडशी संबंधित रसायन) खाली यावं लागतं, ते झपकन पडलं की असं होत असावं असा डॉक्टरांचा अंदाज आहे.

» दूध उतरवणाऱ्या हार्मोनची, ऑक्सिटोसिनची गंमत वेगळीच, दुसऱ्याचं बाळ रडलं तरी माझा ब्लाउज ओला 😄

» दिवसभर उदास वाटायला लागलं तर मात्र डॉक्टरांना दाखव, ते प्रकरण वेगळं.

» हुश्श. नवऱ्याला वाचायला देते, तो म्हणतोय झोप झाली नाही म्हणून होतं.