डॉक्सचा (माहितीच्या फाइलींचा) पीआर, म्हणजे बदल जोडायची विनंती, पेंडिंगवरच अडकतो

कपाशी_कोडर: भाऊ, डॉक्स बदलले तर टेस्ट चालू नयेत म्हणून गिटहब ॲक्शन्समध्ये (कोड आपोआप तपासायची सोय) पाथ फिल्टर, म्हणजे ठरावीक फाइलींसाठी तपासणी वगळणारी चाळणी, लावला. आता रिक्वायर्ड चेक (पास झाल्याशिवाय बदल जोडू न देणारी तपासणी) पेंडिंग, मर्जच होत नाही. दुसरं, इकडे आर्वीकडे लाइन गेली की क्लोन (सगळा कोड इतिहासासकट उतरवणं) पुन्हा पहिल्यापासून.

पांदण: अख्खा वर्कफ्लो (सगळ्या जॉबची, म्हणजे कामांची, यादी) वगळला की चेकचा निकालच येत नाही. फिल्टर काढा, अट जॉबच्या ‘इफ’मध्ये टाका. वगळलेला जॉब पास धरतात.

तुरीचं_शेत: गोम तिथंच आहे बावा! शेवटी एक ‘गेट’ जॉब ठेवून तेवढाच रिक्वायर्ड केला, तर त्याला ‘इफ: ऑलवेज()’ द्याच. नाही तर आधीची टेस्ट पडली की गेट वगळला जातो, म्हणजे पास, अन् तुटका कोड मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये). गेटमध्ये ‘नीड्स’चे, म्हणजे आधीच्या जॉबचे, निकाल तपासा, फेल्युअर किंवा कॅन्सल्ड दिसलं की ‘एक्झिट १’, म्हणजे गेटही नापास. मर्ज क्यू (पीआर रांगेनं जोडायची सोय) असेल तर ‘मर्ज_ग्रुप’ ट्रिगरही लागतो.

पांदण: क्लोन आधी ‘--डेप्थ=१’नं (फक्त शेवटची नोंद) करा, मग ‘गिट फेच --डीपन=५००’नं मागचा इतिहास टप्प्याटप्प्यानं. लाइन गेली तर तेवढाच टप्पा वाया.

कपाशी_कोडर: केलं. पण रिलीज ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काऊन दिसत नाही?

पांदण: डेप्थ दिली की एकच ब्रँच येते. ‘गिट रिमोट सेट-ब्रँचेस --ॲड ओरिजिन’ पुढे ब्रँचचं नाव, मग फेच.