सुपरचार्जर: दुकान बंद झालं की गल्ला मोजायला बसलेत?

हडसनकाठ
१४ मे २०२४

खंडाळाघाट यांच्या परवाच्या लेखावर प्रतिसाद लिहायला बसलो तर तो लेखापेक्षा मोठा झाला. म्हणून वेगळा धागा काढतोय, संपादकांनी रागावू नये.

लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: ३० एप्रिलला टेस्लाने सुपरचार्जरची (म्हणजे गाड्या झटपट चार्ज करायच्या त्यांच्या जाळ्याची) अख्खी टीम, प्रमुख रेबेका टिनुची यांच्यासकट सुमारे ५०० माणसं, घरी पाठवली. मस्कने सांगितलं की नवीन ठिकाणं आता सावकाश उघडू, आहेत ती वाढवू आणि १०० टक्के चालू ठेवण्यावर भर देऊ. एवढ्यावरून साहेबांनी इलेक्ट्रिक गाडीचं तेरावं उरकलं. वर "मी तेव्हाच सांगत होतो".

तेव्हाच म्हणजे नक्की कधी? २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली सहा ठिकाणं सुरू झाली तेव्हा? आज जगभरात ५० हजारांच्या वर चार्जिंगचे खांब आहेत. एवढा पसारा झाल्यावर कुठलाही दुकानदार म्हणेल की नव्या शाखा जरा थांबवू, आहे तिथलं गिऱ्हाईक सांभाळू. याला दिवाळं म्हणत नाहीत.

आता माझं दुखणं. टेस्ला घेण्याआधी माझ्याकडे दुसरी इलेक्ट्रिक गाडी होती. डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातून आय-८० महामार्गाने घरी येत होतो, मागच्या सीटवर आई शाल गुंडाळून. एका भल्यामोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये चार्जर (कंपनीचं नाव घेत नाही). खांब चार. एकाचा पडदा काळा. दुसरा अ‍ॅपवर "उपलब्ध", पण गाडीशी बोलायला तयार नाही. तिसऱ्यावर एक महाशय ९२ टक्क्यांवर गाडी लावून जेवायला गेलेले. चौथा लागेना, म्हणून हेल्पलाइनला फोन. बाई म्हणाल्या, प्लग खालून वर उचलून धरा. धरला, सुरू झाला. सोडला, बंद. शून्याखाली पाच अंशांत पंचवीस मिनिटं ते धूड दोन्ही हातांनी उचलून उभा होतो, पिंडीवर अभिषेकाचं तांब्याचं भांडं धरावं तसा. आई काच खाली करून म्हणाली, "अरे, मग पेट्रोलची काय वाईट होती?"

मला आणखी हजार ठिकाणं नकोत. आहेत ती चालली पाहिजेत. त्यामुळे हा निर्णय मला पटला. गाढवासारखा अमलात आणला, ते वेगळं.

थ्रीफेज

"ते वेगळं"? राव, तेच तर सगळं आहे.

मी टेक्सासात याच धंद्यात आहे, कोणासाठी ते विचारू नका. खांब उभा करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. चार खांब काँक्रीटच्या पायावर कारखान्यातूनच बसून येतात, ट्रकवरून उतरवले की झालं. जीव जातो त्याच्या आधी: जागामालकाशी करार, गावाची परवानगी आणि वीज कंपनीकडून ट्रान्सफॉर्मर. कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे आणि त्या टेबलावरचा माणूस कुठल्या वेळी फोन उचलतो, हे ज्यांना पाठ होतं तीच ही ५०० माणसं. ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

त्यांना काढल्यावर पुरवठादारांना मेल गेली की नवीन मिळालेल्या कामांचं खोदकाम तूर्त सुरू करू नका. न्यूयॉर्क शहरातल्या ठरलेल्या चार जागांचे करार सोडून दिले. आणि १० मेला मस्क म्हणतो की यंदा चार्जिंगवर ५० कोटी डॉलरहून बराच जास्त खर्च करू. कोण करणार खर्च? काढलेल्यांतल्या काहींना आता परत बोलावतायत.

राहिला तुमचा "१०० टक्के चालू". टेस्लाची चार्जिंगची ठिकाणं ९९.९ टक्क्यांच्या वर चालू असतात, हे कंपनी स्वतःच दरवर्षी छापते. उरलेल्या पॉइंट एकसाठी संपूर्ण टीम काढली? तुमची अभिषेकाची गोष्ट झकास आहे, पण ती दुसऱ्या कंपनीच्या खांबाची. इथे तिचा काय संबंध?

खंडाळाघाट

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

जानेवारीत शिकागोत थंडी पडली तेव्हा सुपरचार्जरबाहेर गाड्यांच्या रांगा लागून कित्येक तिथेच मेल्या, टो करून न्याव्या लागल्या. ती बातमी कोणी वाचली नाही का? माझी डिझेल उणे तापमानात चालवली नाही, कारण कामशेतला उणे तापमान नसतं. पण टाकी चार मिनिटांत भरते एवढं नक्की.

आणि या मस्क महाशयांचं कौतुक पुरे. २१ एप्रिलला भारतात येणार होते, पायघड्या तयार. पंधरवडाभर आपल्या चॅनेलवाल्यांनी कारखाना महाराष्ट्रात की गुजरातेत यावर गळे काढले. "कंपनीची फार कामं आहेत" म्हणून दौरा रद्द. आठवडाभरात बीजिंगला हजर! त्यानंतर दोन दिवसांत ही टीम गुल. असा माणूस रस्त्यात सोडून जाणार नाही याची खात्री कोण देतं?

आयटीतला

दोघेही खांब मोजताय. मी माणसं मोजतो.

गेल्या वर्षी माझ्या कंपनीनेही (नाव नको) अशीच एका सकाळी मेल टाकली. एच-वन-बी व्हिसावर असाल तर पुढची नोकरी शोधायला ६० दिवस. मुलीचं किंडरगार्टन, घराची लीज, गाडीचा हप्ता, सगळं त्या ६० दिवसांत. मी ५४ व्या दिवशी सुटलो. त्या ५०० मध्ये आपले किती असतील कोण जाणे. "गाढवासारखा अमलात आणला, ते वेगळं" हे वाक्य त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडावर म्हणून दाखवा.

हडसनकाठ

@आयटीतला, तसं म्हणायचं नव्हतं. वाक्य चुकलं.

@खंडाळाघाट, शिकागोची बातमी वाचली. तिथे मोठा दोष थंड बॅटरी तशीच खांबाला आणून लावण्याचा होता. निघण्याआधी बॅटरी गरम करून घ्यावी लागते, भाड्याच्या गाडीवाल्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. आणि रांगा लागल्या त्या जुन्याच ठिकाणी ना? मग तिथेच खांब वाढवायला हवेत. मस्क तेच म्हणतोय!

@थ्रीफेज, बघतो.

थ्रीफेज

बघा बघा. आणि हेही बघा. गेल्या मेमध्ये फोर्डने टेस्लाचा प्लग स्वीकारला, जूनमध्ये जीएमने (जनरल मोटर्स), मग रांगच लागली. फोर्डवाल्यांना यंदा २९ फेब्रुवारीला सुपरचार्जरचं दार उघडलं. जीएमवाले अजून बाहेर उभे आहेत. सगळ्या जगाला "या, आमच्याकडे जेवायला" म्हणायचं आणि पंगत बसताना आचारी काढायचा.

वर गंमत अशी की खांबाची केबल आखूड, कारण टेस्लाचं प्लग लावायचं तोंड मागे डावीकडे. फोर्डचं पुढे डावीकडे. तो बिचारा शेजारच्या जागेत तिरका घुसतो, एका गाडीला दोन खांब अडतात. मागच्या रविवारी यावरून दोन सुशिक्षित माणसं एकमेकांच्या आईवर आलेली पाहिली.

अबोली७२

अमेरिकेतल्या प्लगवरून एवढं चाललंय म्हणून लिहिते. आमच्याकडे प्लगपर्यंत पोचूच देत नाहीत.

कोथरूडची आमची सोसायटी, २४ फ्लॅट. गेल्या दिवाळीत नेक्सॉन ईव्ही घेतली. पार्किंग माझं, मीटर माझा, वायर माझ्या खर्चाने डक्टमधून खाली आणणार. फक्त एनओसी द्या म्हटलं. अध्यक्ष: "आग लागली तर जबाबदार कोण?" सचिव: "एकाला दिलं तर सगळे मागतील." खजिनदार काहीच बोलले नाहीत, ते कधीच बोलत नाहीत. सहा महिने झाले. गणपतीत मांडवाचे बारा हॅलोजन आणि स्पीकर पार्किंगच्याच बोर्डावर दहा दिवस चालतात, तेव्हा लोड कोणाला आठवत नाही.

मग मी एक्स्प्रेसवेच्या एका फूड मॉलवर जाते. तिथे चार्जरच्या जागेत पांढरी इनोव्हा, ड्रायव्हर सीट मागे पाडून घोरतोय. उठवलं तर म्हणाला, "ताई, सावली फक्त इथेच आहे."

खंडाळाघाट

ताई, तो मी नव्हे. मी वडापाव गाडीत बसून खातो.

नियमावली

मी ठाण्यातल्या एका सोसायटीचा मानद सचिव. मानद म्हणजे फुकट. त्यामुळे अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून रक्त आटलं.

प्रत्येक गोष्टीत कमिटी खलनायक. आमच्याकडे तीन जणांना परवानगी दिली. चौथा आला तेव्हा इलेक्ट्रिशियनने हात वर केले: मंजूर लोड संपला. वाढवायचा तर नवीन केबल, पॅनेल, कदाचित ट्रान्सफॉर्मरही, आणि खर्च ५६ सभासदांनी वाटून घ्यायचा. त्यातल्या ४० जणांकडे गाडीच नाही, दोघांकडे लिफ्टचे पैसे थकलेत. चौथ्याने रजिस्ट्रारकडे तक्रार ठोकली. रात्री साडेअकराला बेल वाजवून "माझ्यावरच अन्याय का" विचारणाऱ्याला काय सांगायचं, ते सांगा.

अबोली७२

चौथ्याचं माहीत नाही. मी पहिली आहे.

माझा चार्जर ३.३ किलोवॅटचा. साधा १५ अँपिअरचा सॉकेट. इन्स्टंट गिझर ३ किलोवॅट घेतो, आणि सकाळी सातला बिल्डिंगमध्ये वीस गिझर एकदम सुरू असतात. त्यांच्या एनओसी दाखवा. मी रात्री बारानंतर लावणार, तेव्हा अख्खी सोसायटी झोपलेली असते, कमिटी तर दिवसाही. केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांत स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. प्रिंट काढून दिली. अध्यक्षांनी तिच्या मागे पाण्याच्या टँकरचा हिशोब लिहिला.

नियमावली

"कमिटी दिवसाही झोपलेली" हे वैयक्तिक आहे. गिझरचा हिशोब करताना हेही लक्षात घ्या की गिझर दहा मिनिटं चालतो आणि गाडी आठ तास. त्या आठ तासांत वायर कुठल्या जाडीची आहे, अर्थिंग आहे की नाही, हे तुम्ही बघता का? आमच्या एका सभासदाने साध्या एक्स्टेंशन बोर्डवर स्कूटर लावली होती. पहाटे वॉचमनला वास आला म्हणून वाचलो. बोर्ड वितळून फरशीला चिकटला होता, डाग अजून आहे. या, दाखवतो. तेव्हापासून मला झोप लागत नाही आणि तुम्ही मला प्रिंट देता.

चिवडा_पार्टी

पॉपकॉर्न संपले, शेंगदाणे आणतो. कोणी अजून मस्कबद्दल बोलतंय का?

हडसनकाठ

आमच्याकडेही हेच हो, फक्त नाव एचओए (घरमालकांची संघटना). कॅलिफोर्नियात चार्जर सरसकट नाकारता येत नाही असा कायदा आहे, पण रीतसर इलेक्ट्रिशियन आणि खर्च ज्याचा त्याचा. आमच्या टाउनहाउसला मला परवानगी मिळायला पाच महिने लागले, कारण खोक्याचा रंग भिंतीला मॅच होत नव्हता.

अबोली७२

रंग! तुमचं नशीब थोर.

थ्रीफेज

नियमावली आणि अबोलीताई, थांबा जरा. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय तोच माझा मूळ मुद्दा आहे.

पहिल्या तिघांना वीज मिळते, चौथ्याला नाही. सुपरचार्जरचंही तेच. "जुन्याच ठिकाणी खांब वाढवा" म्हणणं सोपं. आठ खांबांसाठी आणलेला ट्रान्सफॉर्मर सोळांना पुरत नाही. एकेक खांब २५० किलोवॅटपर्यंत खेचतो. म्हणजे ताईंच्या सॉकेटसारखे पंचाहत्तर एका वेळी. परत वीज कंपनीच्या दारात उभं राहा, परत तीच फाइल. वर दर महिन्याला एकदाच लागलेल्या जास्तीत जास्त लोडवर वेगळा आकार, मग खांब दिवसभर रिकामा का असेना. जुनी जागा वाढवणं म्हणजे नवीन काढण्यापेक्षा फुकटचं काम नव्हे.

बाकी ताई, ३.३ ला निदान ४ चौरस मिमी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चाचणी केलेलं अर्थिंग, एवढं लायसन्सवाल्याकडून लेखी घ्या आणि तो कागद कमिटीला द्या. लांबी जास्त असेल तर ६ मिमी.

नियमावली

असा कागद कोणी आणला असता तर मी त्याच दिवशी सही केली असती. कोणी आणतच नाही. सगळे आधी कायदा आणतात.

अबोली७२

माझ्याकडे आहे. ६ मिमी, आरसीसीबीसह, सप्टेंबरातला. तुम्ही आमच्या सोसायटीत राहायला येता का?

हडसनकाठ

@थ्रीफेज, ठीक. ९९.९ चा मुद्दा मान्य, ट्रान्सफॉर्मरचाही. आनंद झाला असेल तर एखादा टॅको माझ्यातर्फे खा, पैसे मात्र तुमचे. "टीम काढणं चूक" इथवर मी आलो. "इलेक्ट्रिक संपली" इथवर येणार नाही, खंडाळाघाटांनी पायघड्या घातल्या तरी.

खंडाळाघाट

मी "संपली" असं म्हटलंच नव्हतं. "फुगा फुटला" म्हटलं होतं. वाचता येत नसेल तर लांबलचक धागे काढू नयेत.

हडसनकाठ

फुटलेल्या फुग्यात उरतं काय हो?

खंडाळाघाट

रबर. परत फुगवता येत नाही.

आयटीतला

कोणाच्या ओळखीत त्या टीममधलं कोणी असेल तर खासगी निरोप पाठवा. आमच्याकडे दोन जागा आहेत, व्हिसा ट्रान्सफर करतात.

अबोली७२

आत्ताच नोटीस लागली. सर्वसाधारण सभा ९ जूनला, रात्री आठ वाजता, गच्चीवर. "पार्किंगमधील विद्युत जोडणी" विषय क्रमांक ७. त्याआधी विषय ३ टाकीची गळती, विषय ४ कबुतरं. कबुतरांवर गेल्या वर्षी दीड तास गेला होता.

नियमावली

सातवा विषय येईपर्यंत गणपूर्ती राहत नाही. आत्ताच लेखी द्या की तो दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा. नमुना हवा असेल तर पाठवतो.

अबोली७२

पाठवा.