'डेप्रिकेटेड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक मुक्तस्रोत पॅकेज (इतरांना वापरता येणारा तयार कोड) सांभाळते. प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांची नोंद मराठीतही द्यायची, हा माझा आग्रह. या वेळी पायथनसोबत पूर्वी येणाऱ्या, पॅकेज बांधण्याच्या 'डिस्टयुटिल्स' या साधनाचा वापर काढून टाकला आणि 'डेप्रिकेटेड डिपेंडन्सी' यासाठी लिहिलं, 'कालबाह्य अवलंबित्व बदलले.' वाचताना खटकतंय. योग्य शब्द कोणते?

प्रतिसाद १
'कालबाह्य' नको, 'मोडीत काढलेले'ही नको. दोन्हींतून ती गोष्ट संपल्याचा अर्थ निघतो. डेप्रिकेटेड गोष्ट चालत असते. 'आता हिच्यावर विसंबू नका' एवढं जाहीर झालेलं असतं. डिस्टयुटिल्सचंच बघा. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हापासून ते वापरलं की इशारा यायचा, पण काम व्हायचं. २०२३ मध्ये ३.१२ मधून ते काढलंच. मधली दोन वर्षं ते डेप्रिकेटेड होतं. नोटांचं उदाहरण घ्या: २०१६ मध्ये ५०० आणि १०००च्या जुन्या नोटा बाद झाल्या, २०२३ मध्ये २०००ची नोट चलनातून मागे घेतली, तरी कायदेशीर चलन राहिली. आपल्याला शब्द हवाय तो या दुसऱ्या अवस्थेसाठी.

मी 'त्याज्य' वापरतो. पूज्य म्हणजे पुजावे असे, तसं त्याज्य म्हणजे सोडावे असे. सोडून दिलेले ते त्यक्त. डेप्रिकेटेड आणि काढून टाकलेले यांतला फरक इथे आयता मिळतो.

प्रतिसाद २
अर्थ चोख आहे, पण 'त्याज्य'ला निषिद्धाचा वास येतो. चांगलं चाललेलं पॅकेजही सांभाळायला माणसं नाहीत म्हणून डेप्रिकेट होतं. इशाऱ्याच्या ओळीत मी सरळ 'वापर थांबवा' लिहीन. 'लवकरच काढणार' मात्र सरसकट लिहू नये. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठीचं 'रिक्वेस्ट' हे पॅकेज फेब्रुवारी २०२० मध्ये डेप्रिकेट झालं, तरी त्यानंतरही ते इन्स्टॉल करता येत होतं.

डिपेंडन्सीसाठी 'अवलंबित' टाळाच. सरकारी फॉर्मवर अवलंबित म्हणजे कमावत्या माणसावर विसंबलेली व्यक्ती. इथे उलट आहे: विसंबलेलं तुमचं पॅकेज, डिपेंडन्सी हा त्याचा आधार. बोलताना सगळे डिपेंडन्सीच म्हणतात, तेच लिहा.

आणि 'बदलले'ही मोघम आहे. नवी आवृत्ती घेतली की दुसरंच काही आणलं? 'च्या जागी' लिहिलं की शंका उरत नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. 'त्याज्य' लेखांसाठी ठेवते. नोंद आता अशी:

'पायथन ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स नाही. आवृत्त्यांच्या तुलनेसाठी त्याच्या जागी 'पॅकेजिंग' नावाची डिपेंडन्सी घेतली आहे. डिस्टयुटिल्समधल्या लूजव्हर्जनला (आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या जुन्या साधनाला) कसाही लिहिलेला आवृत्ती-क्रमांक चालत असे; पॅकेजिंग नियमात न बसणारा क्रमांक नाकारते. तुमचे क्रमांक तपासून घ्या. होय-नाहीचे शब्द खरे-खोटे यांत बदलणाऱ्या, डिस्टयुटिल्समधल्याच स्ट्रटूबूलला पायथनमध्ये तयार पर्याय नाही, म्हणून ते फंक्शन पॅकेजमध्येच लिहिले आहे. येस, ऑन, ट्रू ही उत्तरे पूर्वीसारखीच चालतील.'