जेटच्या जमान्यात एअरफोर्सला पंख्यांची विमानं कशाला लागतात?

उलवेकर
नमस्कार मंडळी, ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबई विमानतळावर पहिलं विमान उतरलं ते एअरफोर्सचं सी-२९५, आम्ही गच्चीवरून बघत होतो. तेव्हापासून मुलीचा एकच धोशा, बाबा याला पंखे का, आता तर सगळी जेट असतात ना? वाचायला बसलो तर जिकडे तिकडे सी-१३० हर्क्युलस या लष्करी मालवाहू विमानाचं नाव, तेही चार पंख्यांचं, पहिलं उड्डाण १९५४ चं आणि अजून नवीन बनतायत! असं काय आहे त्यात? नववीतल्या पोरीला कळेल असं सांगा कुणीतरी.

जुना_फिटर
मुलीला आधी हे सांगा की पंख्यामागे इंजिन जेटच्याच जातीचं असतं, टर्बोप्रॉप म्हणतात, फक्त त्याची ताकद पंखा फिरवण्यात जाते. मी एअरफोर्समध्ये फिटर होतो, बरीच वर्षं एएन-३२ या दोन पंख्यांच्या मालवाहू विमानावर काढली. कच्च्या पट्टीवर विमान टेकलं की धुरळा आणि खडी कशी उडते ते जवळून बघितलंय. जेट इंजिन खाली लटकत असेल तर ते सगळं आत ओढतं. म्हणून या विमानांचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला, इंजिनं जमिनीपासून लांब. एएन-३२ ची तर पंखांच्याही वर बसवलीत. आणि विमान टेकल्यावर पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा केला की तोच पंखा हवा पुढे ढकलतो, विमान थोडक्या जागेत थांबतं. हर्क्युलस तर तसंच मागेसुद्धा जातं.

दुसरी गोष्ट पोट. हर्क्युलसचं पोट जमिनीला इतकं जवळ असतं की मागचा रॅम्प, म्हणजे खाली उघडणारा उतरता दरवाजा, उघडला की ट्रक उलटा लावायचा आणि माल सरळ आत सरकवायचा, क्रेन नको काही नको. चाकंसुद्धा बाजूच्या फुगवट्यांत जातात म्हणून आतली जागा सलग राहते. सकाळी त्यात जीप गेली तर दुपारी पॅराट्रूपर आणि संध्याकाळी स्ट्रेचर लावून जखमी, विमान तेच. अमेरिकेत तर हेच विमान चक्रीवादळात घुसून मोजमाप करतं, वणव्यावर पाणी टाकतं.

डोंगरवाट
काका, एक दुरुस्ती. एअरफोर्सचं मोठं मालवाहू सी-१७ जेटच आहे आणि तेही कच्च्या पट्टीवर उतरतं, मागे पण जातं. पण ते ७७ टन नेणारं धूड, आपल्याकडे ११ आहेत, दर खेपेला ते कोण काढणार. हर्क्युलस १९-२० टनाचं. माझ्या मते त्याची खरी किंमत २०१३ मध्ये कळली. जूनमध्ये उत्तराखंडात पूर आला, रस्ते वाहून गेले, लोकांना काढायला हेलिकॉप्टर होती पण त्यांना इंधन कुठून आणणार? हर्क्युलस धरासूच्या छोट्या पट्टीवर इंधन घेऊन उतरलं. आणि दोनच महिन्यांनी २० ऑगस्टला आपलं हर्क्युलस लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरलं, १६,६१४ फूट! तिथं हवा इतकी विरळ की पंखांना उचल कमी आणि इंजिनालाही ताकद कमी, शिवाय पट्टी मातीची. मला तर तो फोटो बघून आजही भरून येतं.

जुना_फिटर
बरोबर आहे सी-१७ चं. पण ओल्डीला २००८ मध्ये ४३ वर्षांनी पहिल्यांदा उतरलं ते आमचं एएन-३२ हो, ते विसरू नका.

उलवेकर
वा, खूपच छान समजलं, दोघांचे आभार. पोरीने आणखी एक विचारलंय, रात्री पट्टीवर दिवे नसतील तर काय करतात?

डोंगरवाट
एप्रिल २०२३ चं सुदान सांगा तिला. तिथल्या लढाईत आपली माणसं अडकली होती. राजधानी खार्तूमजवळ वादी सेदनाची धावपट्टी, तिची अवस्था वाईट, दिवे नाहीत, मार्ग दाखवणारी यंत्रणा नाही. आपल्या पायलटांनी आधी हर्क्युलसच्या इन्फ्रारेड (अंधारात उष्णतेवरून दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याने पट्टी मोकळी आहे ना ते बघितलं आणि मग अंधारात दिसणारे नाइट व्हिजन गॉगल लावून अंधारात उतरवलं. खाली आल्यावरही इंजिनं चालूच ठेवली, एअरफोर्सच्या गरुड कमांडोंनी लोकांना आत बसवलं आणि लगेच उड्डाण. १२१ माणसं आणली, त्यात एक गरोदर बाईपण होती.

जुना_फिटर
आणि चित्र काढणार असेल तर शेपटीखालचा भाग वर उचललेला काढायला सांगा, त्याच्याखालीच रॅम्प उघडतो, मुलं नेमकं तिथं सरळ काढतात.